हप्ता

आमचं आडनाव सप्टेंबर.
खापरपणजोबाच्याही खापरपणजोबाला ज्या महिन्यात
जहाजातून उतरवला, तो महिनाच मालकाने
त्याला नाव म्हणून चिकटवला,
असं इतिहासाच्या बाई म्हणाल्या, आणि पुढच्या बाकावरच्या
फेब्रुवारीने वळून माझ्याकडे पाहिलं.

वस्तीचं नाव लॅव्हेंडर हिल.
टेकडी नाही. दुसरंही नाही.
वाळू आहे, आणि आग्नेयेचा वारा,
तो ती उचलून पावात भरतो, कुलपात भरतो,
बोलायला तोंड उघडलं तर तिथेही.
पोस्टकार्डावरच्या डोंगराचं तोंड शहराकडे.
आम्हाला त्याची पाठ पाठ आहे.

मार्लिन गेला तो जून, पावसाचा.
पेटी, दोन बस, चर्चचा बँड,
दीडशे माणसांना चहा आणि पाकातले कोएसिस्टर,
सगळं अंकल डॉलीने केलं.
गोळी त्याची नव्हती.
त्याच्या वाटची होती.

आई रडली नाही. तिने विचारलं, किती झाले?
तो म्हणाला, घरातलंच पोर होतं, लेव्होना.
किती झाले?
अठरा हजार चारशे रँड.
तिने ते स्तोत्रांच्या कागदामागे लिहिलं,
माझ्या पेनाने, माझ्या पाठीवर कागद ठेवून.
आकडा मला शर्टातून कळला.

तेव्हापासून दर शुक्रवारी दोनशे.
आई मासळीच्या कारखान्यात स्नूक चिरते,
लिफाफ्याला तो वास येतो.
मी नेऊन देतो.
अंकल डॉली मोजत नाही. खण उघडतो, टाकतो,
फ्रीजमधून मला थंड बाटली काढून देतो.
गल्लीतली पोरं मला वाट देऊ लागली.
मी मागितली नव्हती.
मला आवडली.

एकतिसाव्या शुक्रवारी टेबलावर खोका होता.
केवढा झाला रे पाय, एलरॉय?
नऊ.
मार्लिनचा आठ होता, तो म्हणाला, आणि थांबला.
एवढं त्याच्या लक्षात होतं.
मी बूट घातले. त्याच्या गालिच्यावरून
खिडकीपर्यंत गेलो, परत आलो.
काढले. खोक्यात ठेवले, कागदासकट.
घरी जाऊन तीनदा हात धुतले,
रबराचा नवा वास काही जाईना.

मग कारखान्याने पाळ्या निम्म्या केल्या.
साठावा शुक्रवार.
अंकल डॉली खिडकीतून बाहेर बघत म्हणाला,
आईला कशाला दमवतोस?
एक रात्र गाडीत बस, मागच्या सीटवर.
काही करायचं नाही. नुसतं बसायचं.
सगळं फिटलं.

साठ शुक्रवार आणि उरलेले बत्तीस.
की एक रात्र.
गणितात मी बरा आहे.
घरापर्यंत मी हेच गणित करत आलो
आणि प्रत्येक वेळी उत्तर बरोबर येत होतं,
याचीच भीती वाटली.

आईला सांगितलं. ती मनगटावरचे खवले
नखाने काढत होती.
बूट बसले का? तिने विचारलं.

तिला कुणी सांगितलं, मी अजून विचारलेलं नाही.

हो.
मग शुक्रवारी मी येते. तू आपले जुने घाल.

एकसष्टावा. शंभरच होते, दहा-दहाच्या नोटा.
तिने त्या त्याच्या टेबलावर एकेक मांडल्या,
मोठ्याने मोजत, बँडमधल्या पोरासारखी, ठोक्यावर.
दारातली चार माणसं मोबाइलमधून वर बघू लागली.
दहा झाल्यावर म्हणाली, पावती.

तो हसला. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही.
त्याने पेन शोधलं. खणात नोटा होत्या,
लिफाफे होते, न फोडलेले, साठच्या साठ,
आणि एक जड काहीतरी फडक्यात. पेन नव्हतं.
मी माझं दिलं.

बाकी सहा हजार तीनशे.
खाली सही: डी. एप्रिल.

एप्रिल! मी कधी विचारलंच नव्हतं.

बाहेर वारा सुटला होता.
माझ्या फाटक्या बुटात वाळू भरत होती,
आणि आई भर रस्त्यात थांबून ती चिठ्ठी वाचत होती,
उडू नये म्हणून
दोन्ही हातांनी धरून.